लोखंड्या मोठा होईना

परीक्षेचा हंगाम आला की आमच्या सोसायटीच्या गच्चीला खालच्या जमिनीपेक्षा जास्त भाव येतो. एका कोपऱ्यात कुणाचे उडदाचे पापड, दुसऱ्या कोपऱ्यात कुणाच्या कुरडया, मधल्या चिंचोळ्या पट्टीत मिरच्या, आणि उरलेल्या जागेत पुस्तक उघडं ठेवून पाण्याच्या टाकीकडे बघत बसलेली पोरं. भाईंदरचं मार्चमधलं ऊन असं की सकाळी घातलेला पापड दुपारपर्यंत नुसता वाळत नाही, भाजूनच निघतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एका वर्षी त्यात अख्खा गॅस सिलिंडर वाचवला होता. निदान मी तरी तसंच सांगतो, आणि काकू आता नालासोपाऱ्याला राहायला गेल्यामुळे तपासायला कुणी नाही.

परवा माझी मुलगी मुक्ता मांडीवर भूगोलाचं पुस्तक आणि त्या पुस्तकात फोन घेऊन गच्चीवर बसली होती. फोनवर एक यांत्रिक ड्रॅगन. चकचकीत, पोलादी, एकविसाव्या नव्हे तर एकतिसाव्या शतकातला वाटावा असा. तिने बोट लावलं, त्याचे पंख उघडले, आणि तो एका झटक्यात लहानाचा मोठा झाला. मुक्ताने जांभई दिली. कुणी श्वास रोखला नाही, कुणी ओरडलं नाही, एक मिरचीसुद्धा हलली नाही. मला काही ते बघवलं नाही.

‘आमच्या वेळी याला मोठा करायला सगळी बिल्डिंग कामाला लागायची,’ मी म्हटलं, ‘आणि तरी तो व्हायचा नाही.’

‘झालं, सुरू,’ मुक्ता म्हणाली.

सुरूच करायचं तर दोन हजार सालानंतरच्या त्या पहिल्या वर्षांपासून करायला हवं. आमचं कुटुंब परळची खोली विकून इथे भाईंदरच्या नवघरला आलेलं. तेव्हाचं भाईंदर हे गाव नव्हतंच, तो नुसता भविष्यकाळ होता. पाणी येणार होतं, रस्ता होणार होता, उड्डाणपूल होणार होता, आणि बिल्डरच्या पत्रकावर ‘स्टेशनपासून चालत दहा मिनिटं’ असं लिहिलेलं असायचं. ती दहा मिनिटं चालायला माणसाचे पाय शहामृगाचे हवेत, हे मात्र लिहिलेलं नसायचं. आमच्या आईबाबांच्या पिढीने जे विकत घेतलं ते घर कमी आणि ‘होईल हो सगळं’ हे वाक्य जास्त. टँकर आला की बादल्या घेऊन धावायचं, दुपारी वीज गेली की पुठ्ठ्याने वारा घ्यायचा, आणि एकमेकांना सांगायचं, पाच वर्षांनी बघा, इथे काय होतंय. अशा ठिकाणी भविष्यातून आलेला ड्रॅगन उतरला, यात मला तेव्हा काहीच आश्चर्य वाटलं नव्हतं. उतरणार कुठे दुसरीकडे?

तो उतरला तिसऱ्या मजल्यावर, कमलेशच्या घरी. कमलेश सहावीत, माझ्यापेक्षा दोन यत्ता खाली. घरी गुजराती, शाळेत मराठी, आणि जिन्यात हिंदी बोलणारा, चष्मेवाला, हाडकुळा मुलगा. त्याचे मामा मोत्यांच्या धंद्यात होते आणि त्या धंद्यापायी जपानला जाऊन आले होते. येताना भाच्यासाठी हातात मावणारं एक खेळाचं यंत्र घेऊन आले. यंत्र जपानी, खेळ जपानी, अक्षरं जपानी. खेळ असा की रानावनात हिंडायचं, अजब अजब प्राणी पकडायचे, त्यांच्या झुंजी लावायच्या, आणि झुंजून झुंजून ते तयार झाले की त्यांचं रूप बदलतं, ते मोठे होतात. एक अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून आम्ही प्राण्यांना आमची नावं दिली. गोल नारिंगी होता तो बटाटावडा. चपटी चंदेरी होती ती पापलेट. एक जाडा कायम झोपलेला असे, त्याला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं नाव होतं. ते मी इथे सांगत नाही, कारण ते अजून सेक्रेटरी आहेत.

आणि एक लोखंड्या.

खेळाच्या खोक्यावर छापलेलं चित्र त्याचंच होतं, पण मोठेपणीचं. जांभळट पोलादाचा ड्रॅगन, विमानासारखे पंख, छातीत फिरणारं चाक, डोळ्यांच्या जागी हिरवे दिवे, शेपटीच्या टोकातून वीज. आमच्याकडे होता तो बारका लोखंड्या. चार पाय फुटलेला प्रेशर कुकर डोळ्यांसमोर आणा. त्याला शिट्टीसुद्धा होती. त्या कुकरचा हा ड्रॅगन कधी होतो, एवढा एकच प्रश्न त्या हंगामात आमच्या बिल्डिंगपुढे होता. वार्षिक परीक्षा वगैरे होत्या, पण त्या काय दरवर्षी असतात.

यंत्राच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. सावलीत धरलं तर नुसती काळी काच दिसायची, लख्ख उन्हात धरलं तरच चित्र दिसे. म्हणून गच्ची. आणि गच्चीवर जायला कारण लागे, म्हणून पापड. आईने ‘कावळ्यांवर लक्ष ठेवायला कोण बसतंय?’ असं विचारायचा अवकाश, मी पुस्तक घेऊन हजर. आई शेजारणींना अभिमानाने सांगे, ‘आमच्या नंदूला वर वारा असतो ना, तिथे वाचलेलं चांगलं लक्षात राहतं.’ त्या वर्षी कावळ्यांनी आमचे जेवढे पापड खाल्ले तेवढे आम्ही खाल्ले नाहीत. गच्चीवरचे कावळे मार्चअखेर उडेनासे झाले होते, चालत जायचे.

यंत्र पाळीपाळीने सगळ्यांच्या हातात फिरे. नियम एकच, आणि तो संद्याने केलेला. संद्या म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा संदेश. नववीत, ओठावर मिशीची सावली, आवाज फुटलेला, त्यामुळे आपोआप आमचा पुढारी. गावच्या जत्रेत पहिल्या नारळाचा मान कुणाचा हे ठरलेलं असतं, तसा त्याने मान ठरवून दिला होता. रूप बदलायची वेळ आली की यंत्रातून बासरीसारखी एक धून वाजायची. ती सुरू झाली की ज्याच्या हातात यंत्र असेल त्याने ते दोन्ही हातांनी कमलेशला द्यायचं. प्राणी मोठा होताना यंत्र मालकाच्या हातात पाहिजे. ‘मान म्हणजे मान,’ संद्या म्हणायचा. बटाटावडा मोठा झाला तो कमलेशच्या हातात, पापलेट मोठी झाली तीही त्याच्याच हातात, आणि सेक्रेटरी मोठे झाले, पण झोपेतच.

लोखंड्याचं मात्र जमेना. धून वाजे. यंत्र दोन्ही हातांनी कमलेशकडे जाई. लोखंड्या पांढराफटक पडे, थरथरे, फुगे, आम्ही सगळे कमलेशच्या डोक्याभोवती डोकी लावून श्वास रोखून उभे, आणि फुस्स. पुन्हा कुकर. पुढची झुंज जिंकली की पुन्हा धून, पुन्हा थरथर, पुन्हा फुस्स.

‘सेल उतरलेत,’ संद्याने निदान केलं.

मग जे सुरू झालं त्याला मी तरी विज्ञानच म्हणेन. पेन्सिल सेल पापडांशेजारी उन्हात ठेवायचे, एका रांगेत, मधूनमधून उलटायचे. दाताने चावायचे. पँटला घासायचे. गोडदेवच्या नाक्यावर बाळारामकाकांचं दुकान होतं. आम्ही नवीन सेल मागायला गेलो आणि संद्याने सवयीने तोही चावून बघितला.

‘आरं पोरा, सेल हाय तो, चिंच न्हाय,’ बाळारामकाका म्हणाले. ‘चावतोस कशाला?’

‘काका, आमचा ड्रॅगन मोठा होत नाय.’

‘खायला काय घालताव त्याला?’

‘सेल.’

‘मंग कसा होल मोठा?’ म्हणत त्यांनी वर एकेक लिमलेटची गोळी दिली. आम्हाला, ड्रॅगनला नव्हे.

नव्या सेलांनीही फुस्सच झालं.

त्या दुपारी मी टाकीच्या सावलीत, कमलेशच्या पाठीमागे बसलो होतो. समोरून बाकीच्यांची डोकी होती, मला त्यांच्यात जागा मिळाली नव्हती. धून वाजली, यंत्र कमलेशच्या हातात आलं. पडदा मला दिसत नव्हता. मला दिसत होता त्याचा उजवा अंगठा. तो एका बटणावर होता, आणि इतका घट्ट दाबलेला की नख पांढरं पडलं होतं. थरथर संपली, सगळे ‘अर्रर्र’ म्हणाले, आणि अंगठा हळूच वर आला. नखात पुन्हा रक्त आलं.

संध्याकाळी जिन्यात त्याला गाठलं.

‘तू बटण दाबतोस.’

‘कुठलं बटण?’

‘कमल्या, मी मागे बसलो होतो.’

त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. ‘ते दाबलं की थांबतो तो,’ तो म्हणाला. ‘मोठा व्हायचा थांबतो.’

‘पण कशाला थांबवतोस? खोक्यावर बघितलंस ना कसला दिसतो तो?’

‘एकदा मोठा झाला की खलास ना,’ कमलेश म्हणाला. ‘सगळे मोठे झाले, हाच राहिला. हा पण झाला तर पुढे काय नाय त्याच्यात. मग तुम्ही लोक कशाला येणार?’

‘येऊ की.’

‘आधी येत होता?’

खोटं बोलण्यात माझा हात धरणारा तेव्हा नवघरपासून उत्तनपर्यंत कुणी नव्हता, पण या प्रश्नाला मला एकही चांगलं खोटं सुचलं नाही. यंत्र येण्याआधी आम्ही कमलेशला ओळखत होतो ते खिडकीतला चष्मा म्हणून. खाली क्रिकेट चालायचं. बॉल गटारात गेला की वर बघून हाक मारायची, तो येऊन बॉल काढून द्यायचा, नळावर हात धुवायचा आणि वर जायचा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. त्यालाही वाटत नसावं, असं आम्ही धरून चाललो होतो.

‘संद्याला सांगणार?’ त्याने विचारलं.

‘वेडा आहेस का?’ मी म्हटलं.

एखाद्या मुलाला वाटतं की आपल्याकडे असलेली वस्तू संपली की माणसंही संपतील, म्हणून तो ती संपू देत नाही. आता कधी त्याचा विचार करतो तेव्हा लक्षात येतं की मोठी माणसंही हेच करतात. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तरी दुसरं काय करतायत? पण कमलेश हे अकराव्या वर्षी, एका अंगठ्यावर, आठवडेच्या आठवडे करत होता. आणि रोज सगळ्यांबरोबर ‘अर्रर्र’ही म्हणत होता.

अडचण झाली ती संद्याची. दोन दिवसांनी तो गच्चीवर आला तो हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन.

‘आत काहीतरी ढिलं झालंय,’ तो म्हणाला. ‘आपण खोलू. नाय जमलं तर स्टेशन रोडला तो रेडिओवाला आहे, त्याच्याकडे देऊ.’

कमलेशचा चेहरा त्या उन्हातही पडला. संद्याने याआधी स्वतःच्या घरचा मिक्सर खोलला होता, आणि त्यानंतर त्यांच्या घरी चटणी पाट्यावर व्हायला लागली होती. यंत्र त्याच्या हाती गेलं असतं तर लोखंड्या लहान नाही, मोठा नाही, कुठलाच उरला नसता.

तेव्हा मी तोंड उघडलं. पुढे काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. माझं तसंही कधी ठरलेलं नसतं.

‘संद्या, तो कशाचा आहे?’

‘कोण?’

‘लोखंड्या.’

‘लोखंडाचा.’

‘आणि आपण कुठे राहतो?’

‘भाईंदरला.’

‘ते बघ,’ मी म्हटलं आणि हात लांब केला. गच्चीच्या कठड्यापलीकडे मिठागरं होती. उन्हात पांढरीशुभ्र, मधे मधे पाण्याचे चौकोन, कडेला मिठाचे ढीग. ‘जपानात तयार केलाय त्याला. तिथली हवा कोरडी. इथली हवा खारी. इथे लोखंड वाढतं का कधी? गंजतं! तो मोठा व्हायला जातो, सांधे अडकतात, की बसला खाली. माझ्या काकांच्या कंपनीत हेच झालं. जर्मनीहून मशीन आणलं, भाईंदरला लावलं, सहा महिन्यांत त्याची उंची कमी झाली.’

कंपनी नव्हती. काका होते, पण ते पोस्टात होते.

पोरांनी चारी बाजूंना पाहिलं. माझं नशीब की गच्ची माझ्या बाजूने होती. टाकीची शिडी गंजलेली, डिशचा खांब गंजलेला, दाराची कडी इतकी गंजलेली की हात लावला तर हातात यायची. तेवढ्यात संद्याचे बाबा वाळत घातलेला टॉवेल न्यायला वर आले.

‘काका,’ मी विचारलं, ‘भाईंदरात लोखंडाचं काय होतं हो?’

‘माती होते, माती!’ ते भडकलेच. ‘आत्ता दिवाळीला ग्रिल रंगवलं, बघ जा कसं झालंय! पंखा गेला, कुलूप गेलं, गोदरेज कपाटाचे पाय गेले. इथे राहून माणूस गंजेल एक दिवस!’ टॉवेल खांद्यावर टाकून ते निघून गेले.

संद्याने स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवला. वडिलांचं पहिल्यांदाच त्याला पटलं असावं. पण संद्या स्वस्थ बसणारा नव्हता. गंज आहे, तर गंजावर इलाज आहे. दुसऱ्या दिवशी यंत्राला खोबरेल तेल लावून झालं, बटणांच्या फटीत थेंब थेंब. मग हवा लागू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलं. मग पिंकी, संद्याची बहीण, म्हणाली, मीठ ओलं होऊ नये म्हणून आई त्यात तांदूळ टाकते. तर रात्रभर यंत्र तांदळात पुरून ठेवायचं ठरलं, आणि तांदूळ अर्थात मालकाच्या घरचे.

सकाळी तिसऱ्या मजल्यावरून किंकाळी आली. कमलेशची आई, जिग्नाभाभी, खिचडीला तांदूळ काढत होत्या.

‘आ शुं छे? चावल में मशीन? ऊपर से तेल? कमलेश!’

‘मम्मी, उसको जंग लग रहा है!’

‘जंग तेरे दिमाग को लगा है! परीक्षा छे के नहीं तारी?’

पण यंत्र फेकलं नाही त्यांनी. उलट पदराने पुसून परत दिलं, आणि त्या दिवसापासून दुपारी गच्चीवर ताकाचा तांब्या यायला लागला. आपल्या मुलाभोवती एवढी पोरं असतात, हे त्यांनाही नवीनच होतं.

असे ते दिवस गेले. सकाळी पेपर, दुपारी गच्ची. बोटांना खोबरेल तेलाचा वास, पुस्तकाला पापडखाराचा, आणि वारा फिरला की मिठागरांवरून येणारा तो ओला, चिखलमिठाचा वास. गणितात मला जे मार्क पडले त्याचा दोष मी आजवर त्या वाऱ्यावरच ढकलत आलोय. रोज धून, रोज थरथर, रोज फुस्स. फक्त आता कुणी सेल चावत नव्हतं. सगळे डॉक्टरांसारखे गंभीर होते. ‘आज थोडा जास्त फुगला,’ कुणी म्हणे. ‘तेल लागलंय,’ दुसरा म्हणे. कमलेश मान हलवी. मी कावळे हाकी.

शेवटचा पेपर झाला त्या दुपारी सगळे दप्तरं जिन्यातच टाकून वर आले. झुंज झाली, धून वाजली. संद्याने यंत्र दोन्ही हातांनी कमलेशला दिलं, आणि पडद्यात डोकं घालायच्या ऐवजी तो कठड्याला टेकून उभा राहिला.

‘कमल्या,’ तो म्हणाला, ‘नाय झाला तर नाय. टेन्शन घेऊ नको. मला तर आता तो बारकाच आवडायला लागलाय.’

‘हो ना,’ पिंकी म्हणाली. ‘मोठा झाला तर शिट्टी जाईल त्याची.’

कमलेशने एकदा संद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी टाकीपाशी होतो, नेहमीच्या जागी. त्याचा अंगठा बटणावर होता. लोखंड्या पांढरा पडला असावा, कारण धून चढली. आणि कमलेशने अंगठा उचलला. नुसता उचलला नाही, चटका बसल्यासारखा हात लांब केला आणि यंत्र एका तळहातावर धरलं, थाळीसारखं.

पुढे काय झालं ते मी अनेकांना अनेक प्रकारे सांगितलंय. मिठागरातले बगळे एकदम उडाले, डिश फिरली, बिल्डिंगची वीज परत आली. यातलं काहीही झालं नाही. दोन बोटांएवढ्या पडद्यावर एक कुकर फुटला आणि त्यातून एक ड्रॅगन निघाला. पंख उघडले, छातीतलं चाक फिरलं, हिरवे डोळे लागले. बास. पण पोरं अशी ओरडली की खालच्या तीन मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या. पिंकी मिरच्यांवर नाचली. संद्याने कमलेशला उचललं आणि आमच्या पापडांवर ठेवलं.

आणि मग कमलेशला वाटत होतं तसंच झालं. यंत्र एकदा सगळ्यांच्या हातातून फिरून आलं, ‘भारी आहे, भारी आहे’ म्हणून झालं, आणि कुणीतरी म्हणालं, ‘चला रे, स्टंप लावा.’ जिन्यात धडधड वाजली. गच्ची रिकामी झाली. कमलेश यंत्र हातात घेऊन उभा, मी मोडके पापड वेगळे करत बसलेलो. दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

‘बोललो होतो ना,’ कमलेश म्हणाला.

खालून संद्याचा फुटका आवाज आला. ‘ए कमल्या! कुठे अडकलास? कीपर नाय आपल्याकडे!’

कमलेश कठड्यापाशी गेला. ‘बॉल गटारात गेला काय?’

‘बॉल माझ्या हातात आहे! तू ये लवकर!’

‘बॅटिंग भेटेल?’

‘भेटेल! शेवटी!’

त्याने यंत्र टाकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि पळाला. चालू यंत्र, तसंच. बंद करण्याआधी खेळ साठवून ठेवावा लागतो, नाहीतर मधलं सगळं पुसलं जातं. पण त्या जपानी अक्षरांत ते कुठे करायचं हे एकट्या कमलेशला ठाऊक होतं. त्याला हाक मारणं मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मी मारली नसती. यंत्राच्या कोपऱ्यातला लाल दिवा फिका होत गेला आणि सेल संपले.

दुसऱ्या दिवशी मी नवे सेल घातले. उन्हात धरलं. चार पायांचा कुकर, शिट्टीसकट.

‘कमल्या,’ मी कठड्यावरून ओरडलो, ‘परत लहान झालाय रे!’

त्याने वर पाहिलंच नाही. बॉल येत होता.